जाळीच्या दारावर दोन ठोके

मंदाकिनी खांबेटे यांच्या दाराला बेल आहे, पण ती वाजवणारा माणूस परका समजायचा. बेल वाजवतो तो कुरिअरवाला, गॅसवाला, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार. आपलं माणूस बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दारावर स्वतःची खूण वाजवतं. व्हीलचेअरवरचा रत्नदीप खुर्चीची पाय ठेवायची पट्टी जाळीवर एकदाच आपटतो. क्षिप्रा आणि तिचा नवरा दोघंही कर्णबधिर, ते तळव्याने दार थोपटतात, आणि दार उघडलं की क्षिप्रा मंदाताईंचा हात हातात घेऊन तळव्यावर बोटाने अक्षरं काढायला लागते. सुदेश नाखवा कुबडीचे दोन ठोके मारायचा. एक ठोका, मग जरा दम खाऊन दुसरा.

मंदाताईंना दिसत नाही. कॉलेजात असताना संध्याकाळचं दिसेनासं झालं, आणि पस्तिशीला पोचेपर्यंत दिवसाचंही गेलं. बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी त्यांनी पूर्ण केली, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरचं मागच्या बाजूचं घर घेऊन एकट्या राहिल्या. या घराकडे यायचं तर इमारतीला वळसा घालून, पाण्याच्या टाकीपाशी पंपाच्या खोलीवरून बोळातून यावं लागतं. इतरांना ते गैरसोयीचं वाटतं. मंदाताईंना वाटत नाही, कारण बोळात शिरलेल्या माणसाची पावलं त्यांना दाराशी येईपर्यंत पुरती ऐकायला मिळतात.

घराच्या आतल्या खोलीत त्या झोपत नाहीत. तिथे खुर्च्या झोपतात. व्हीलचेअरी, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, कॅलिपर, काठ्या. हे सगळं मंडळींचं. अपंगांच्या या मंडळाला रीतसर नाव आहे, पण ते कुणी घेत नाही, सगळे 'आपली मंडळी' एवढंच म्हणतात. ज्याला गरज त्याने वस्तू न्यावी, काम झालं की परत आणून द्यावी, मग ती पुढच्याकडे जाते. काम दोन तऱ्हांनी होतं. माणूस बरा होतो किंवा माणूस जातो. दुसरी तऱ्हा जास्त. त्यामुळे त्या खोलीतल्या बहुतेक वस्तू कुणा ना कुणा गेलेल्या माणसाच्या आहेत, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की लोखंड आवळतं आणि कुठलीतरी खुर्ची आपली आपण कुरकुरते. नवखी माणसं त्या आवाजाने दचकतात. मंदाताई दचकत नसत. उलट म्हणायच्या, "बसू दे की त्यांना जरा. जागा आहे."

सुदेश हा या मंडळींचा पाय आणि मंदाताई जीभ, असं रत्नदीप चिडवायचा, आणि ते खरंच होतं. सुदेश मोठागावच्या खाडीकडचा कोळी. लहानपणी पोलिओने एक पाय गेला, पण त्याचं त्याने कधी भांडवल केलं नाही. ज्याचा पाय नुकताच गेलाय किंवा अर्धं अंग गेलंय, त्याला कुबडीवर चालायला तोच शिकवायचा. आधी पडायला शिकवायचा. "पयला पडायला शीक," म्हणायचा, "चालायला काय, कोन पन शिकतो." कसं पडायचं, पडल्यावर काय धरायचं, कुठला हात आधी टेकायचा, हे झालं की मग चाल. टेक, ओढ, टेक, थांब. थांबल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू द्यायचा नाही. त्याची स्वतःची चालही तीच होती आणि त्याने शिकवलेल्या प्रत्येकाची थोडीफार तशीच व्हायची.

आणि अर्धांगवायूच्या झटक्याने ज्यांची वाचा गेली त्यांना तो मंदाताईंकडे आणायचा. मंदाताई काही डॉक्टर नव्हत्या. पण वाचा शिकवणाऱ्या एका बाईंकडून त्यांनी फार पूर्वी युक्ती समजावून घेतली होती, आणि आयुष्यभर फोनवर कमावलेला आवाज हाताशी होता. युक्ती अशी की रोज एकाच वेळी, एकच वाक्य, एकाच चालीवर म्हणायचं. समोरच्याने नुसतं ऐकायचं. त्याच्यावर बोलायची सक्ती करायची नाही. असे दिवस गेले की ते वाक्य त्याच्या डोक्यात, बोलण्याची वाट बंद आहे तिथून नाही, तर गाण्याच्या वाटेने आत जातं, आणि एक दिवस त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. पहिलं वाक्य आलं की बाकीचं हळूहळू मागून येतं. मंदाताईंनी अशी किती माणसं बोलती केली याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. तसला हिशेब ठेवणाऱ्यांची त्यांना चीड होती.

यंदा गणपतीच्या आधी सुदेश गेला. मूत्रपिंडांनी दगा दिला. कल्याणच्या इस्पितळात पडून होता, घरी येणार येणार म्हणता म्हणता आलाच नाही. त्याची बायको चंद्रभागा मासळी विकते, भारी धीराची बाई. मंडळी भेटायला गेली तेव्हा रीतीप्रमाणे रत्नदीपने दबकतच कुबडीची चौकशी केली. ती कुबडी साधी नव्हती. तिच्या मुठीला सुदेशने जाळ्याचा नायलॉनचा दोरा गच्च गुंडाळून वर स्वतःच्या हाताच्या गाठी मारल्या होत्या, आणि बुडाला रबराऐवजी टायरचा तुकडा बोल्टने बसवला होता. तो बोल्ट किंचित सैल असायचा. टेकली की आधी टक्, मग खुळ्. चंद्रभागा तुटकपणे म्हणाली, "ती त्याच्याबरोबर गेली." चितेवर ठेवली असणार, असं सगळ्यांनी धरलं. पुढे कोण विचारणार?

मंदाताई रडल्या नाहीत. घरी येऊन नुसत्या बसून राहिल्या. पुढचे कितीतरी दिवस कुणाला वाक्य शिकवायचंही त्यांना जमलं नाही.

अनंत चतुर्दशी उलटून पितृपंधरवडा लागला. एका संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला मंदाताई तांदूळ धूत होत्या. हवेत केमिकल कंपन्यांचा नेहमीचा आंबूस वास सुटला होता. आणि बोळात पावलं वाजली.

टक् खुळ्. मग पाय ओढल्याचा आवाज. टक् खुळ्. मग काहीच नाही. मग पुन्हा टक् खुळ्.

मंदाताईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. डोळस माणूस चेहरा ओळखतो, त्यात चूक व्हायची सोय असते. मंदाताई पावलं ओळखत, आणि त्यात त्यांची चूक झालेली कुणाला माहीत नव्हती. पावलं टाकीपाशी थांबली, पंपाच्या खोलीपाशी थांबली, दाराशी आली. जाळीवर एक ठोका पडला. मग जरा दम खाऊन दुसरा.

"कोण आहे?" मंदाताईंनी विचारलं.

दाराबाहेर कुणीतरी जड श्वास घेत होतं. मग घशातून एक आवाज आला. टाकी रिकामी झाल्यावर पंप नुसती हवा ओढतो, तसा. बोलायचं आहे पण बोलायला तोंडच उरलेलं नाही, अशा माणसाचा.

"सुदेश?" आपण हे का विचारलं ते त्यांना कधीच सांगता आलं नाही.

जाळीवर लगेच दोन ठोके पडले.

त्या भिंतीला धरून खाली बसल्या. बराच वेळ श्वास येत राहिला, मग पावलं वळली आणि त्याच चालीने बोळातून निघून गेली. त्या रात्री मंदाताईंनी तांदूळ शिजवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्वतःलाच रागावल्या. आयुष्यभर भुताखेतांची टिंगल केलेली बाई, शेजारपाजारच्या बायका कावळ्याला घास ठेवायला गच्चीवर जायच्या तेव्हा "कावळ्याची तब्येत सांभाळा" म्हणणारी. कुणीतरी चेष्टा केली असेल, कान वाजले असतील, वय झालं. पण संध्याकाळ झाली, आणि त्याच वेळी पावलं आली. ठोके पडले. श्वास आला. मंदाताई आतल्या लाकडी दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि कडी काढायला त्यांचा हात उठला नाही. त्यांना सुदेशची भीती वाटत होती, आणि सुदेशची भीती वाटते याची लाजही वाटत होती. ज्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्या अख्खी डोंबिवली फिरल्या, त्यालाच दार उघडवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या दारामागून म्हणाल्या, "सुदेश, जा बाबा आता."

आवाज त्यांचा ठरलेला, फोनवरचा, स्पष्ट आणि शेवटी किंचित खाली उतरणारा. बाहेरचा श्वास थांबला. कुणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखं थांबला. मंदाताईंनी पुन्हा म्हटलं, "सुदेश, जा बाबा आता." मग पावलं वळली आणि गेली.

सांगितल्यावर जातो, एवढा धीर आला. पण येणं काही थांबेना. दिवेलागण झाली की तो यायचा, ठोके द्यायचा, वाट बघत उभा राहायचा. मंदाताईंनी वाक्य म्हटल्याशिवाय हलायचा नाही. कधी दोनदा म्हणावं लागायचं, कधी चारदा. म्हटलं की निमूट जायचा. हे निमूट जाणंच त्यांना जास्त भयंकर वाटायचं. सुदेश जिवंतपणी कधी कुणाचं एका शब्दात ऐकत नसे.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या सुमेधाला त्यांनी आडून विचारलं, "संध्याकाळचं माझ्याकडे कुणी येताना दिसतं का गं तुला?"

"येतात की," सुमेधा सहज म्हणाली. "दोरीवरचे कपडे काढताना बघते ना मी गॅलरीतून. तुमचे ते कुबडीवाले. नेहमीचेच. का हो?"

"नेहमीचेच म्हणजे?"

"तेच हो. एक पाय ओढत येतात ते. थकलेत हल्ली, नाही? चेहरा पण वाकडा दिसतो एका बाजूने."

मंदाताईंनी पुढे विचारलं नाही. सुदेश वारल्याचं सुमेधाला ठाऊक नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. आता कानांचाही दोष नव्हता आणि वयाचाही. डोळस बाईने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तरी मंदाताईंनी एकदा हिंमत केली. लाकडी दार उघडलं, जाळी लावलेलीच ठेवली, आणि गजांमधून हात बाहेर काढला. म्हणाल्या, "काय हवंय तुला? काही राहिलंय का?" घशातला आवाज जवळ आला. मग त्यांच्या हातात कुणीतरी कुबडीची मूठ दिली. जाळ्याचा दोरा, त्यावरच्या त्या गाठी, एकेक ओळखीची. चितेवर जळालेली कुबडी त्यांच्या बोटांत होती. मूठ चाचपताना शेजारी काहीतरी लागलं, ते एका हाताचं बोट होतं. गार, आतल्या बाजूला वळलेलं, ज्याला कसलीच पकड नाही असं. मंदाताईंनी हात मागे खेचला आणि दार लोटून घेतलं. "सुदेश, जा बाबा आता," त्या म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी किती वेळा म्हणाल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

त्याच रात्री त्यांनी भाच्याला फोन केला. केदार ठाण्याला खोपटला राहतो. मावशी, एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये, हे तो गेली कित्येक वर्षं म्हणत होता, आणि मंदाताई त्याला हसून उडवून लावत होत्या. या खेपेला म्हणाल्या, "येते रे. दसऱ्यानंतर ने मला." केदारला आनंद झाला. मंदाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे घर म्हणजे त्यांनी एकटीने उभं केलेलं आयुष्य होतं. इथला प्रत्येक कोपरा त्यांच्या पायांना पाठ होता. भाच्याच्या घरी त्यांना कुणीतरी हाताला धरून संडासापर्यंत नेणार होतं. आणि खुर्च्या? रत्नदीपला त्यांनी सांगितलं की दुसरी जागा बघ. त्याच्या खुर्चीची चाकं बराच वेळ जागच्या जागी पुढेमागे होत राहिली.

सर्वपित्री अमावास्येला सुमेधाने स्वतःहून विषय काढला. मंदाताईंचा उतरलेला चेहरा तिला दिसत होता. "कुणी गेलेलं मनात असेल ना काकू, तर आज पान वाढा. खीर, दहीभात. दाराबाहेर ठेवा. शांत होतात." मंदाताई एरवी दोन शब्द सुनावत्या. आज त्यांनी मुकाट खीर केली. दहीभात कालवला, सुदेशला आवडायचा तसा सुका जवळा भाजून शेजारी ठेवला, कारण ब्राह्मणाच्या घरचं सोवळं पितर झालेल्या सुदेशला काय कामाचं. केळीचं पान चाचपत जाळीच्या दारासमोर पायरीवर मांडलं, आणि आत येऊन लाकडी दार लावून हात जोडून बसल्या.

पावलं आली. टक् खुळ्, ओढ, टक् खुळ्, थांब. पायरीपाशी आली. मग ठोके पडायच्या ऐवजी काहीतरी सरकलं, आणि धप्प करून जड वस्तू पडावी तसा आवाज झाला. कुबडी फरशीवर घरंगळत गेली.

त्यानंतर जे झालं ते मंदाताई मरेपर्यंत विसरणार नाहीत. पायरीवर काहीतरी सरपटत होतं. घशातला तो हवा ओढल्याचा आवाज आता जमिनीवरून येत होता. मग जाळीचा सगळ्यात खालचा गज हलला. मग त्याच्या वरचा. एकेक गज धरत काहीतरी वर चढत होतं, लोखंड करकरत होतं, कडी खडखडत होती. मंदाताई दाराच्या आत दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. त्यांच्या तोंडून वाक्य निघत होतं, त्याच वेळेला, त्याच चालीवर. "सुदेश, जा बाबा आता. सुदेश, जा बाबा आता."

अखेर ते उभं राहिलं. फरशीवरची कुबडी खरडत जवळ ओढली गेली. मग पावलं गेली, पण वेगळी, अडखळत, भिंतीला घासत.

सकाळी सुमेधाने पायरी धुतली. पान फाटलेलं होतं, खीर सगळीकडे फासलेली होती. "घेतलं हो त्यांनी," ती समाधानाने म्हणाली. आणि खरंच, त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही नाही. नवरात्र बसलं, इमारतीच्या आवारात गरब्याची गाणी सुरू झाली, आणि बोळ मोकळा राहिला. मंदाताईंना हलकं वाटायला हवं होतं. त्या दिवेलागणीला दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि कशाची वाट बघतोय हे स्वतःला विचारायच्या.

ललितापंचमीला चंद्रभागा आली. सुदेशसाठी नेलेली हवेची गादी परत द्यायला, रीतीप्रमाणे. पाणी प्याली, पदराने मान पुसली, आणि मंदाताईंना राहवलं नाही. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तुझा नवरा येत होता, म्हणाल्या, पान वाढलं तेव्हा शांत झाला. मी त्याची कुबडी हातात धरली.

चंद्रभागाने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "ताय, मी खोटा बोलले तवा. कुबडी नाय गेली त्याच्याबरोबर."

"मग?"

"दवाखान्यातून गायब झाली. शेवटच्या दिवशी मी बघतंय तर खाटेला कुबडी नाय. मंडळींची वस्तू, माझ्या हातून चोरीला गेली, कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून तसा बोलले."

मेलेल्याला कुबडी लागत नाही. एवढी साधी गोष्ट मंदाताईंच्या ध्यानात आली नव्हती.

"त्याच्या शेजारच्या खाटेवर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"एक गुणाजी म्हणून. एसटीचा ड्रायव्हर. अर्धा अंग गेलेला, वाचा पन गेलेली. आमचा हा आपला मरायला टेकलेला नि पडल्या पडल्या त्याला चालायला शिकवी. टेक, ओढ, टेक, थांब. अख्खा वॉर्ड हसायचा. बोलायचा त्याला, तुला मंदातायकडं धाडतो. ती रोज एक वाक्य बोलंल, तू फक्त ऐक. दाराची बेल मारू नको, माझ्यासारखं दोन ठोके दे, ती समजंल मी धाडलाय. रस्ता पन सांगायचा. टाकी, पंपाची खोली. ड्रायव्हरच तो, एकदा सांगितला की पाठ."

कुबडी चोरीला गेली नव्हती, सुदेशने रीतीप्रमाणे ती पुढच्याला दिली होती. मंदाताईंना ते गार बोट आठवलं, आतल्या बाजूला वळलेलं. अशी बोटं त्यांनी आजवर स्वतःच्या हातात घेऊन तासन्‌तास चोळली होती. झटक्याने गेलेला हात असाच असतो, आणि तोंडही एका बाजूला असंच ओढलं जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मुक्या क्षिप्राला त्या तळव्यावर वाचत होत्या. या माणसाला फक्त दार उघडायचं होतं. सुमेधाला कुबडी दिसली आणि माणूस दिसला नाही, यात नवल नव्हतं, डोळसांचं ते नेहमीचंच. पण मंदाताईंनीही कुबडीच ऐकली.

"तो पडला गं," त्या म्हणाल्या. "माझ्या खिरीवरून पडला. आणि मी आत बसून त्याला जा म्हणत होते."

वॉर्डात चंद्रभागा आणि गुणाजीची मुलगी रुचिता एकमेकींच्या डब्यातलं खात असत, त्यामुळे तिचा फोन नंबर होता. घर निघालं दोन गल्ल्या पलीकडे. मंदाताई चंद्रभागाच्या खांद्यावर हात ठेवून तशाच निघाल्या.

रुचिता नुकतीच नोकरीवरून आलेली. तिने खुर्च्या सरकवल्याचं ऐकू आलं. बाबा अमावास्येच्या दिवशी कुठेतरी पडले, ती सांगू लागली, मनगट सुजलंय, म्हणून तेव्हापासून बाहेर सोडत नाही. "रोज संध्याकाळी जायचे. मी कामावर, शेजारी सांगायचे. कुठे जातात ते सांगता येत नाही ना त्यांना. पण येऊन इतके खूश असायचे, की मी म्हटलं जाऊ देत. दमायचे, पण काहीतरी पुटपुटत बसायचे. आणि ताई, काय सांगू, बोलायला लागले ते. पडले त्याच रात्री. एकच वाक्य, पण स्वच्छ. डॉक्टरसुद्धा म्हणाले, कुणी शिकवलं?"

मंदाताईंनी विचारलं, "काय बोलतात?"

रुचिता हसली. "सुदेशकाकांची आठवण काढतात. इतका जीव लावला होता त्यांनी. बाबा, बघा कोण आलंय. मंदाताई आल्यात."

कॉटवरून कुणीतरी घाईने उठायला बघत होतं. जमिनीवर दोन ठोके पडले, टक् खुळ्, टक् खुळ्. आणि मग जाड, ओली, पण आनंदाने भरलेली वाचा फुटली.

"सुदेश, जा बाबा आता."

मंदाताईंना ते ऐकवेना. वाक्य त्याचं नव्हतंच. प्रत्येक अक्षर त्यांचं होतं, शेवटी खाली उतरणारा हेल त्यांचा होता, मध्ये भीतीने आवाज जिथे चिरकत असे तिथे त्याचाही आवाज बरोबर तिथेच चिरकला. परक्या माणसाच्या गळ्यातून त्यांची स्वतःची भीती त्यांच्याशी बोलत होती. त्याने हाकलणं ऐकलंच नव्हतं. सुदेशने सांगितलं होतं की त्या रोज एक वाक्य म्हणतील, त्या रोज म्हणत होत्या. तो बंद दाराबाहेर उभा राहून धडा घेऊन जात होता. पडला तेव्हाही, गज धरून उठतानाही, तो धडाच घेत होता.

"रुचिता," मंदाताई म्हणाल्या, "ते आठवण काढत नाहीत. ते वाक्य माझं आहे." आणि त्यांनी तिला काहीही न लपवता सांगितलं, दार, पान, खीर, सगळं. सांगताना रडल्या. सुदेश गेला तेव्हा आलं नव्हतं ते सगळं रडू तेव्हा आलं. गुणाजीला यातलं किती कळलं कोण जाणे. बाई रडतायत एवढं कळलं असावं, कारण त्याचा चांगला हात आला आणि मंदाताईंचा हात शोधून त्यावर थोपटू लागला. समजूत घालायला त्याच्यापाशी वाक्य एकच होतं. तेच तो हळू आवाजात म्हणाला.

ठाण्याला जायचं रद्द झालं हे केदारला त्यांनी तिथूनच फोन करून सांगितलं. मग खुर्ची कॉटजवळ ओढून घेतली. वळलेला गार हात मांडीवर घेतला, बोटं एकेक करून उलगडायला लागल्या, आणि नवं वाक्य म्हणायच्या आधी थांबल्या. बाहेर दिवेलागण झाली होती, त्या दोघांचीच वेळ. गुणाजी पुन्हा पुन्हा म्हणत होता, आपल्याला येतं हे दाखवायला, प्रत्येक वेळी जास्त स्पष्ट. मंदाताईंनी त्याला अडवलं नाही. जितक्या वेळा त्याला म्हणायचं होतं तितक्या वेळा त्यांनी ते ऐकून घेतलं.